मोज्यातली चावी

चावी खाली पडली. मोज्यात गुंडाळलेली होती, त्यामुळे आवाज फारसा झाला नाही. फरशीवर ओलं फडकं पडावं तसा थप्प झाला, आणि आत कुठेतरी लोखंड किंचित किणकिणलं. ओमेर देलवाल तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याचे दोन्ही हात छातीशी, पंजे अर्धवट उघडे आणि रिकामे. चावी त्याच्या डाव्या बाजूला, बुटापासून हातभर लांब पडली होती. हातभरच. असले झेल तो झोपेतही घेत आला होता. झोपेत म्हणजे अगदी झोपेत, एकदा त्याने बायकोच्या, लेओनीच्या, डोक्याखालची उशी ओढून छातीशी कवटाळली होती आणि वर "माझा!" म्हणून असा ओरडला होता की शेजारच्या बिऱ्हाडाने भिंत बडवली.

"पडली!" तळमजल्याच्या खिडकीतून मादाम व्हेर्मेश म्हणाली. ही म्हातारी रोज संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकून बसायची आणि गल्लीत जे घडेल ते मोठ्याने जाहीर करायची. "अगं बाई, ओमेरच्या हातून पडली! म्हटलं माझेच डोळे गेले की काय."

"ऊन डोळ्यांवर आलं, आजी," ओमेर म्हणाला.

"ऊन? या गल्लीत? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून शोधतेय मी ऊन, पोरा. दिसलं तर मलाही दाखव."

वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत लेओनी होती. तिने डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणंच ओमेरला सहन होईना. एरवी तिच्या तोंडाला कुलूप नसे.

"तंबाखू संपलाय," तो वर बघून म्हणाला. "घेऊन येतो."

"मग पावही आण. आणि चावी सांभाळ."

सांभाळ, असं ती कधी म्हणाली नव्हती. त्याने वाकून मोजा उचलला, खिशात कोंबला आणि वर न जाता गल्लीच्या तोंडाशी निघाला.

या घराचा रस्त्यावरचा दरवाजा आपोआप लागायचा आणि घरमालकाने प्रत्येक बिऱ्हाडाला एकच चावी दिली होती. रुबे या गिरण्यांच्या शहरात अशी घरं ढिगाने होती, आणि अशा घरांतल्या बायका चावी खिडकीतून खाली टाकायच्या. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते ओमेरच्या झेलाचं. तो खालून दोन सुरांची शीळ घालायचा, लेओनी खिडकीत यायची आणि वाटेल तिथे चावी भिरकावायची. लग्नाच्या सुरुवातीला तर ती मुद्दाम छळायची. पलीकडच्या फुटपाथवर फेकायची, विजेच्या तारेवरून फेकायची, एकदा तर चावी समजून त्याने झेलला तो उकडलेला बटाटा निघाला. गिरणी सुटायची वेळ, लोक थांबून बघायचे. घरातही तेच. जेवताना ती मीठ हातात द्यायची नाही, डबीच फेकायची. पाव फेकायची, काडेपेटी फेकायची. तिची आई म्हणायची, हा संसार आहे की सर्कस? पण त्यांची ओळखच तशी झाली होती. जत्रेत डबे पाडायच्या खेळावर तिने मारलेला चेंडू डब्यांना सोडून भलतीकडे गेला आणि मागे बिअर पीत उभ्या असलेल्या ओमेरने तो एका हाताने धरला, दुसऱ्या हातातली बिअर न सांडता. "परत दे," ती म्हणाली होती. "पैसे मोजलेत मी." त्याने तो दिला नाही. तेव्हा त्याला जे जे हातात येईल ते आपलंच वाटायचं.

आणि आज ही गत. तो भराभर चालत होता. तंबाखूचं दुकान मागे गेलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. हात खिशात होते आणि खिशातल्या खिशात तो बोटं मिटून उघडून बघत होता. बोटं मिटत होती. तक्रार बोटांची नव्हतीच. चावी निघालेली त्याने पाहिली होती, ती डावीकडे वळतेय हेही पाहिलं होतं, आणि मग काहीच झालं नव्हतं. हातांना जणू निरोपच पोचला नाही. आजवर निरोप लागायचा नाही. हात आधी जायचे, ओमेर मागून. लोकांना वाटायचं गोलकीपर फार विचार करतो. खरं तर तो हातांच्या मागे धावणारा माणूस असतो. उद्या सकाळी मालकांच्या कचेरीत जायचं होतं. मालक म्हणजे गिरणीचेही मालक आणि फुटबॉल क्लबचेही अध्यक्ष. "अजून एक वर्ष, देलवाल," ते म्हणाले होते. "गोलमध्ये तुम्ही आहात म्हटलं की मला झोप लागते." मालकांना झोप लागायची, पण गेले कित्येक महिने ओमेरला लागत नव्हती. नव्या करारावर सही करायची की नाही हा प्रश्न त्याने मनात कधी नीट मांडलाच नव्हता. सही तर करायचीच. नाही केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हे हात करणार काय? कालव्याच्या पुलाशी एक लहानसं कॅफे चालवायला मिळतंय, आता चालवणारी म्हातारी मुलीकडे राहायला चाललीय, असं लेओनी एकदा भाजी चिरता चिरता बोलली होती. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. ती पुन्हा बोलली नव्हती. पण चावीच जर झेलता येत नसेल तर सही करून तरी काय? तिथे चावी येत नाही. चामड्याचा चेंडू येतो, पाणी पिऊन दगड झालेला, आणि मागे अख्खं शहर उभं असतं.

एका खिडकीच्या कडेवर जिरेनियमची कुंडी होती, अगदी टोकाला. ओमेर सवयीने थांबला आणि हात वर करून त्याने ती आत सरकवली. त्याला शहर असंच दिसायचं. कडेवर आलेल्या वस्तूंचं शहर. टेबलांच्या काठावरचे पेले, मोऱ्यांच्या काठावर ठेवलेल्या बाटल्या, कठड्यावर चढलेली पोरं. कुणाच्या घरी जेवायला गेला की तो बोलता बोलता सगळे कप काठापासून आत ढकलायचा. लोकांना ते चांगले संस्कार वाटायचे. त्याला मात्र सतत वाटायचं की काहीतरी पडणार आहे आणि ते आपल्यालाच धरायचं आहे. हे कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं. कदाचित गिरणीपासून. लहानपणी तो सूतकताईच्या खात्यात होता. तिथे यंत्रांच्या गडगडाटात हाक ऐकू यायची नाही, म्हणून बायका रिकाम्या बॉबिनी, सुताची लाकडी रिळं, सरळ अंगावर फेकायच्या आणि त्या झेलून टोपलीत टाकायच्या. जी खाली पडेल ती मुकादमाच्या बुटाखाली यायची आणि मग पोराचा कान मुकादमाच्या हाती. त्याच्या हातांचं शिक्षण तिथे झालं. पुढे वर्तमानपत्रवाले त्याच्या चपळाईबद्दल काय काय लिहायचे. एकालाही बॉबिनींची गोष्ट सुचली नाही. देशाच्या संघातही तो होता, म्हणजे राखीव. लिस्बनला गेला, स्टॉकहोमला गेला, ब्रसेल्सला तर इतक्यांदा गेला की तिथला हॉटेलवाला नावाने हाक मारायचा. पण त्या काळात सामना सुरू झाला की माणूस बदलता यायचा नाही, त्यामुळे राखीव गोलकीपरने ओव्हरकोटात बसून दुसऱ्याचे झेल बघायचे. बसल्या बसल्याही त्याचे हात हलायचे. शेजारी बसणारा मालीशवाला म्हणायचा, "अरे बाबा, तू इथे बसूनच दमशील."

आणि युद्धात, जर्मनांच्या कैदेत असताना, त्यांनी चिंध्यांचा चेंडू केला होता. दोन फळकुटांचे खांब. ओमेर गोलमध्ये. एकदा कुणीतरी असा फटका मारला की चेंडू त्याच्या डोक्यावरून, मागच्या काटेरी तारेवरून पलीकडे गेला आणि बर्फात जाऊन पडला. पहारेकऱ्याने बंदुकीनेच नको म्हणून सांगितलं. सगळे जे हसायला लागले ते थांबेचनात. ओमेरही हसला होता, तारेला पाठ लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो चेंडू आता कुणाचाच नव्हता. आणायला कुणी जाऊ शकत नव्हतं. पुढे कधी गोल झाल्यावर तो हसला असं त्याला आठवत नाही. त्या दिवशी इतकं हलकं का वाटलं, याचा विचार त्याने केला नव्हता. आज तो दिवस मध्येच का आठवला, हेही त्याला कळेना.

रविवारचं त्याला आठवायचं नव्हतं, पण ते आलंच. सामना सुरू होण्याआधी तो टाचेने गोलच्या मधोमध मातीत एक रेघ ओढायचा, पेनल्टीच्या खुणेच्या दिशेने. जुने गोली सगळेच ओढत. पुढे येऊन मागे सरकताना खांब दिसत नाहीत, पायाला रेघ लागली की कळतं आपण कुठे आहोत. मैदान राखणारा शिव्या द्यायचा ते वेगळं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की नवी रेघ ओढायची. रविवारी मध्यंतरानंतर ओमेर गोलमध्ये गेला आणि तिथे रेघ होती. त्याने पाहिली आणि त्याला वाटलं, आपण ओढली. आपणच. ती होती समोरच्या गोलीची, एका तरण्याबांड माणसाची, आणि ती चांगली लांबलचक, पार पुढे गेलेली. ओमेर तिच्या टोकावर जाऊन उभा राहिला आणि त्याला एकदम बरं वाटलं. किती दिवसांत तो इतका पुढे आला नव्हता! मैदान मोठं दिसत होतं. मग कुणीतरी लांबून, अगदी सहज, चेंडू उचलून त्याच्या डोक्यावरून आत टाकला. मागे धावताना त्याच्या पायाला ती रेघ लागत राहिली आणि संपेचना, तेव्हा त्याला कळलं की ही दुसऱ्या कुणाची आहे. पेपरात आलं की देलवाल यांनी धाडस केलं. धाडस कसलं, म्हातारा दुसऱ्याच्या अंगणात शिरला होता.

पुलापलीकडच्या दुसऱ्या, मोठ्या कॅफेतून लाकडी गोळ्यांचा घरघराट येत होता. मागच्या लांबट खोलीत लोक बूर्ल खेळत होते. जड, चाकासारखे गोळे खोलगट वाटेवरून डुलत डुलत खुणेपाशी न्यायचे, हा इकडचा जुना नाद. सिल्वेर तिथे असणारच होता. सिल्वेर कोकेल म्हणजे क्लबचा लेफ्ट बॅक, ओमेरच्या डाव्या हाताशी खेळणारा. तो वाकून गोळा सोडण्याच्या बेतात होता.

"ये, ये," तो मान न वळवता म्हणाला. "पाऊल ओळखलं मी. बूट घासत चालणारा अख्ख्या रुबेत एकच."

"आज चावी पडली," ओमेर म्हणाला.

त्याला हे असं एकदम बोलायचं नव्हतं. सिल्वेर गोळा तसाच हातात धरून सरळ झाला. "का? लेओनीने नीट नाही टाकली?"

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे, नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे कशी, सिल्वेर?"

सिल्वेरने गोळा बाकावर ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तोंड ना माझं! हे बघ, सांगतो, पण समोरची बाटली माझ्या डोक्यात घालायची नाही. ती खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळते. कधी वर बघितलंस? तू चावीकडेच बघत असतोस. अर्धी बाहेर येते आणि नेम धरून तुझ्या ओंजळीत सोडते. माझ्या बायकोला म्हणाली, यात माझा खांदा गेला. आज जास्तच दुखत असेल, वाकवलं नसेल तिला."

"कधीपासून?"

"तुझा खांदा गेला तेव्हापासून."

दोन वर्षांपूर्वीची थंडी. मैदान लोखंडासारखं टणक. ओमेर डाव्या अंगावर पडला होता आणि आत काहीतरी सरकलं होतं. बदली माणूस नाही, तेव्हा हात जर्सीला पिनेने अडकवून तो उरलेला सामना बाहेरच्या कडेला नुसता उभा राहिला होता आणि गोलमध्ये सिल्वेर गेला होता, प्रत्येक चेंडूला आईची आठवण काढत. डॉक्टर म्हणाला होता, बसला खांदा. ओमेरही सगळ्यांना तेच सांगत आला होता.

"आणि तू?" ओमेरने विचारलं.

"मी काय?"

"तूही काहीतरी करत असशील."

"मी कुठे काय! तुझ्या डावीकडचा कोपरा मी झाकतो, उजवा उघडा सोडतो. समोरच्याला म्हणायचं, मारायचंय ना, मार तिकडे. तिकडे तू आहेस."

"दोन वर्षं?"

"पाठ झालंय आता. मधला बॅकही करतो. आणि तुझी ती रेघ, ती मागे मागे सरकत चाललीय ते काय आम्हाला दिसत नाही? आम्ही पण तेवढंच मागे सरकतो."

"कीव करता माझी!" ओमेर ओरडला. खेळणारे थांबले.

"कीव?" सिल्वेरही ओरडला. "अरे गाढवा, आम्हाला जिंकायचं असतं! कीव कसली! माझा गुडघा गेलाय हे तू कधी कुणाला सांगितलंस? चेंडू पलीकडच्या बाजूलाच का फेकत असतोस मग नेहमी? मला पळायला लागू नये म्हणून ना? मी कधी म्हटलं कीव?"

ओमेर चेंडू पलीकडे फेकायचा हे खरं होतं. त्याने ते कधी ठरवलं नव्हतं, हात फेकायचे.

"उद्या सही करणार आहेस?" सिल्वेरने आवाज खाली आणून विचारलं.

"मालक म्हणतात, एक वर्ष."

"मालकांना म्हणायला काय जातं? ते खुर्चीत बसतात."

"तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, मला गोळा सोडू दे. मागे लोक खोळंबलेत." आणि मग, वाकता वाकता, "तू गेलास की मीही सुटलो रे. हा गुडघा आता रात्रीचाही बोलतो."

बाहेर अजून भरपूर उजेड होता. जूनमध्ये इकडे संध्याकाळ संपता संपत नाही. बेकरीतून पाव घेऊन ओमेर कालव्याच्या कडेने निघाला आणि राग यायची वाट बघू लागला. यायलाच हवा होता. बायको दोन वर्षं आपल्याला लहान मुलासारखं खेळवतेय, सोबती आपल्याभोवती कुंपण घालतायत, आणि आपण मात्र रोज संध्याकाळी शीळ घालून गल्लीला झेल दाखवतोय, याहून मोठं हसं कोणतं? पण राग काही येईना. उलट त्याला त्या खिडकीतून लोंबकळणारी लेओनी दिसायला लागली, एका हाताने चौकट धरलेली, जीभ दातांत पकडून नेम धरणारी, आणि त्याला हसू फुटलं. पहिल्यांदा नाकातून आलं, मग पोटातून. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं आणि सायकल जरा लांबून नेली. आजवर त्याला वाटत होतं की त्या दोन खांबांमध्ये तो एकटा आहे. गोली एकटाच असतो, असं तो नेहमी म्हणायचा, जरा मिजाशीतच. आणि खरं काय, तर लेओनी, सिल्वेर, तो मधला बॅक, सगळे मिळून गोल राखत होते आणि टोपी घालून मिरवत होता तो ओमेर. म्हणजे इतके दिवस जे ओझं तो एकट्याने पेलत होता, ते त्याच्या एकट्याच्या अंगावर नव्हतंच. त्याला सुटल्यासारखं वाटलं. मोकळं, अगदी मोकळं, घट्ट बूट काढून गार फरशीवर पाय ठेवल्यावर वाटतं तसं. त्याने पावाचं टोक मोडून तोंडात टाकलं. जिरेनियमची ती कुंडी पुन्हा काठावर आली होती; घरातल्या बाईला ती तिथेच हवी असणार. तिच्याखालून तो चावत चावत निघून गेला.

खिशात चावी होती, तरी घरासमोर येऊन त्याने शीळ घातली. दोन सूर.

लेओनी खिडकीत आली. "चावी तुझ्याकडेच आहे ना?"

"टाक काहीतरी."

"काय टाकू?"

"काहीही. पण आधीसारखं टाक. लोंबकळायचं नाही."

लोंबकळायचं नाही, या शब्दांनी तिला सगळं कळलं, हे त्याला खालून दिसलं. तिचा चेहरा आधी रडवेला झाला, मग तिने तो सावरला. ती आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात बटाटा होता.

"सिल्वेर तोंडाचा फाटका आहे," ती म्हणाली.

"आहेच. टाक."

तिने टाकला. खांदा दुखत असूनही तिने तो लग्नाच्या पहिल्या वर्षासारखा भिरकावला, डावीकडे, लांब. ओमेरने तो निघताना पाहिला. त्याचे हात पावाभोवती होते. या वेळी निरोप पोचला, अगदी स्पष्ट पोचला, आणि हात जरासे उचललेही गेले. त्याने ते थांबवले. बटाटा दगडांवर आपटला, दोन उड्या मारून गटाराकडे घरंगळत गेला आणि जाळीपाशी जाऊन थांबला.

"पडला!" मादाम व्हेर्मेश ओरडली. "परत पडला! ओमेर, अरे, तू हललासही नाहीस!"

"पडू दे, आजी," ओमेर म्हणाला.

"मेला बटाटा वाया गेला ना!"

"धुऊन घ्या. तुम्हाला दिला."

त्याने दार उघडलं आणि जिने चढला, घाईने नाही. लेओनी दारातच होती, खांदा धरून. तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दोन वर्षं मी त्या खिडकीत मरणाची भिऊन उभी राहायची. तू पाडशील म्हणून नाही. तू पाडलीस तर तुझं तोंड कसं होईल, म्हणून."

"कसं झालं होतं?"

"मघाशी ना? बघवत नव्हतं."

"आणि आता?"

तिने निरखून पाहिलं. "आता दाढी वाढलीय," ती म्हणाली.

त्याने तिचा दुखरा खांदा हातात घेतला. बराच वेळ ते तसेच दारात उभे होते. खाली म्हातारी कुणालातरी बटाट्याची हकिगत सांगत होती.

जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "उद्या मालकांकडे जाऊन येतो. सही करत नाही म्हणून सांगतो. मग त्या पुलाजवळच्या कॅफेवाल्या म्हातारीकडे जाऊ. दोघंही."

लेओनीने सूप वाढलं. त्याने चव घेतली आणि सवयीने मान वर केली, हात तयार ठेवून. मिठाची डबी तिच्या कोपराशी होती. तिने ती उचलली, उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि डबी त्याच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, थोडी ओली, थोडी गरम.

"हे घे," ती म्हणाली.